पडद्यावरची म्हैस हलंना

३ जानेवारी २००६, मंगळवार

विम्याचा एजंट दरसाल एक डायरी फुकट देतो आणि ती आमच्याकडं दुधाच्या रतिबाला जाते. यंदा पूर्णिमानं ती माझ्यापुढं आपटली. म्हणाली, "आबा, कॉम्प्युटरचं तेच तेच दहादा विचारता. काय बिघडलं, काय केल्यावर चाललं, ते ह्यात लिहा. मग मला हाक मारायची गरज न्हाई." बापाला गृहपाठ! निम्म्या शिवाजी पेठेची लग्नं ह्या केरबानं टिपलीत, लाल दिव्याखाली फोटो धुऊन बोटं पिवळी करून घेतलीत, आणि आता ह्या वयात माऊस धरायला शिकतोय. माऊस कसला, उंदीरच तो. हातात म्हणून राहत नाही.

पण लिहितो, कारण तिनं सांगितलंय. रिळाचं काम बसलं तेव्हा कॉम्प्युटर घ्यायला तिनंच लावलं. स्टुडिओच्या दारावर पाटी पण तिनंच रंगवली, 'लग्न, वाढदिवस, निरोप समारंभ. स्लाईड शो व व्हिडिओ करून मिळेल.' धंदा नवा, मालक जुना.

पूर्णिमा एकतीस वर्षांची आहे. जावयाचा टेम्पो घाटात उलटला, त्याला चार वर्षं झाली. सासरच्यांनी काही दिवस ठेवून घेतली, मग एका सकाळी बॅगेसकट दारात आणून सोडली. तिची आई त्याच्या आधीच गेलेली. आता घरात आम्ही दोघंच. पोरगी बोलते म्हणजे 'जेवा', 'गोळी घेतली का', 'शटर ओढा', एवढंच. स्वतःसाठी म्हणून तिनं आल्यापासून काही मागितलेलं नाही. चप्पल तुटली तर शिवून घालते. मी विचारलं की म्हणते, मला काय कमी हाय?

एवढं लिहायचं नव्हतं. कॉम्प्युटरचं लिहायचं होतं. आज काही बिघडलं नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

दुपारी एक उंच, सावळा पोरगा आला. पोरगा म्हणजे तिशीचा असेल. दारातनंच म्हणाला, "नमस्कार काका. म्हैस हलंना."

मी म्हटलं, "पावणं, जनावरांचा दवाखाना पुढच्या गल्लीत."

"तसं न्हाय वो. पडद्यावरची."

आत पूर्णिमा हसली. मला आधी कळलंच नाही कुणाचा आवाज, म्हटलं रस्त्यावर कोण हसलं.

नाव धम्मपाल. उचगावचा. एका दूध संघात कंत्राटावर आहे. गावोगाव लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन हिंडतो आणि बायाबापड्यांना काससुजीवर, म्हणजे जनावराची कास सुजते त्या रोगावर, स्लाईड दाखवतो. कास धुवा, हात धुवा, धार काढताना अंगठा मुडपू नका, मूठ वापरा, असलं. मध्ये एक व्हिडिओ आहे. घरी चालतो, गावात गेला की चित्र दिसतं पण दाबलं तर ढिम्म. काल भर सभेत एक म्हातारी म्हणाली म्हणे, "सायेब, म्हस मेलीया जणू."

पूर्णिमानं बघितलं. ह्यानं फक्त प्रेझेंटेशन पेन ड्राइव्हवर घेतलेलं, व्हिडिओची फाईल घरच्या कॉम्प्युटरवरच. मला वाटायचं एकदा चिकटवला की व्हिडिओ आत गेला. तसं नसतं. आत फक्त त्याचा पत्ता असतो. वऱ्हाड निघालं, नवरा घरीच.

उपाय: दोन्ही फाईली एकाच फोल्डरात ठेवायच्या आणि व्हिडिओ त्याच फोल्डरातनं घालायचा. मग फोल्डर कुठंही न्या.

नावावरनं कोण ते कळलंच. आपल्याला काय, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. टपरीवरनं चहा मागवला, ग्लासातनं.

२९ जानेवारी, रविवार

आज उचगावला शूटिंग. धम्मपालच्या व्हिडिओत परदेशी गाय आहे, गावातल्या बाया म्हणतात आमच्या म्हशी अशा न्हाईत. म्हणून त्याच्या आईच्या म्हशीवर नवा व्हिडिओ करायचा ठरला. उजेडासाठी पांढरा पत्रा धरायला पूर्णिमाला नेलं.

त्याच्या आईचं नाव तानूबाई. अंगणवाडीत होत्या, आता म्हैस सांभाळतात. बाईंच्या हाताला वळण मात्र बघण्यासारखं. मूठ बंद होते, उघडते, धार बादलीत सूं सूं वाजते, म्हैस डोळे मिटून उभी. मी पोटभर टिपलं.

काम झाल्यावर म्हणाल्या, "चहा घ्या पावणं." मी म्हटलं, उशीर झालाय. खरं म्हणजे झाला नव्हता. मागं वळून बघतो तर पूर्णिमा उंबऱ्यावर बसून फुर्रकन चहा पितेय आणि दुसऱ्या हातानं रेडकाचं डोकं खाजवतेय. तिला बोलणार होतो, पण पोरगी इतकी निवांत कधी बसलेली बघितली नव्हती, म्हणून सोडून दिलं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

धम्मपाल हजर. आवाज येतोय, चित्र काळं. नुसतीच अंधारात धार वाजतेय.

पूर्णिमा म्हणाली, व्हिडिओ ज्या पद्धतीनं दाबून बसवलाय ती पद्धत संघाच्या लॅपटॉपला उलगडता येत नाही. त्याला कोडेक म्हणतात. उपाय: व्हिडिओ जुन्या साध्या पद्धतीत बदलून घ्यायचा, एमपीईजी, ती सगळीकडं चालते. फाईल फुगते, पण फुगू दे.

बदलायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ दोघं पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडं बघत बसलेली. ती पट्टी एवढी काय बघायची? मी दोनदा जाऊन बघून आलो. नुसती सरकते.

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज मोठाच पेच. धम्मपालच्या लॅपटॉपवर म्हैस चालते, पण प्रोजेक्टरमधनं पडद्यावर काळा चौकोन. तो म्हणाला, हे दुकानात कसं दाखवू, प्रोजेक्टर संघ गावातल्या सभेपुरताच देतो. तर पूर्णिमा म्हणाली, "मग गावात येऊ की." मी ऐकतच राहिलो. ही पोरगी चार वर्षांत आपणहून भाजी मंडईच्या पलीकडं गेलेली नाही.

गेलो तिघं संघाच्या जीपमधनं. देवळाच्या सभामंडपात बाया, पोरं, भिंतीला धोतराचा पडदा. पडद्यावर खरंच काळा चौकोन. एक आजोबा म्हणाले, "लाईट घालीवली व्हय रं?" पूर्णिमा पुढं गेली. पदर खोचला. एक बटण दाबून चित्र लॅपटॉपवर बंद केलं आणि नुसतं प्रोजेक्टरवर पाठवलं. म्हैस हलली! बायांनी टाळ्या पिटल्या.

उपाय, ती सांगते तसा लिहितो: एका वेळी एकाच ठिकाणी दाखवायचं. दोन्हीकडं पाहिजेच असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन म्हणून एक दांडी आहे, ती डावीकडं ओढायची.

परत येताना जीपमध्ये पोरगी बडबडत होती. मला म्हणाली, "आबा, त्या हिरव्या लुगड्यातल्या मावशी बघितल्या का, मूठ करून दाखवत होत्या मला!" मी व्हय व्हय म्हटलं. बघितल्या कुठल्या, मी हिच्याकडंच बघत होतो.

५ मार्च, रविवार

विठाक्का आली. माझी थोरली बहीण. आल्या आल्या पायताण काढायच्या आत सुरू. "केरबा, पूर्णीचं काय ठरवलंस? तू काय अमर हायस?" तिनं एक स्थळ आणलंय. कागलकडचा, बायको मेलेला, पन्नाशीचा, दोन पोरं, ऊस आहे, दारात गडीमाणसं आहेत. "गड्यांना भाकऱ्या करायला बाई पायजेच हाय त्येला. विधवा असू दे म्हणतोय. अजून काय पायजे?"

पूर्णिमा चहा घेऊन आली. आक्कानं तिला सांगितलं. ती म्हणाली, "आबा म्हणतील तसं." आणि कपबशा घेऊन आत गेली.

आक्का म्हणते ते खोटं नाही. माझ्या मागं पोरीचं कोण? पण 'आबा म्हणतील तसं' हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं, ते वाटलं नाही. बघू म्हटलं.

१७ मार्च, शुक्रवार

मर्दा, शिकलेली माणसं पण काय! धम्मपाल पुन्हा आला. म्हैस हलंना. पहिल्या वेळचाच बिघाड. चित्र दिसतं, दाबलं की ढिम्म. मी विचारलं, व्हिडिओची फाईल घेतली होती का? म्हणाला, "घेतलीया की काका. हाय, पण सापडंना त्याला." काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पूर्णिमा म्हणाली, लिंक तुटलीय, बसा, बघते. तो बसला. चहा झाला. तो तिला अळवाच्या वड्यांचा डबा देऊन गेला, आईनं दिला म्हणून. मला एकच मिळाली.

परवा पण आलेला. तेव्हाही हेच. लिहायचं राहिलं.

३० मार्च, गुरुवार, पाडवा

गुढी उभारली. पूर्णिमानं पिवळी साडी नेसलेली, तिच्या लग्नातली. म्हटलं बाकीच्या धुवायला टाकल्या असतील. सोनं नको, निदान नवी चप्पल तरी घेऊ म्हटलं तर म्हणाली, मला काय कमी हाय?

धम्मपाल सणाचा दिवस असून आला. तेच, लिंक तुटली. त्याला श्रीखंड दिलं. घरातल्या वाटीतनं. पूर्णिमानंच दिलं, मी बघेपर्यंत त्यानं खाल्लं पण. वाटी घासून परत मांडणीवर गेली. आकाश काही कोसळलं नाही.

६ एप्रिल, गुरुवार

आता माझी खात्री झाली, हा व्हायरस आहे. एकच फाईल, एकच पेन ड्राइव्ह, आठवड्याला एकदा मोडते म्हणजे काय? कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं तपासून सांगितलं, मशीन स्वच्छ हाय. मी म्हटलं, नीट बघ. पूर्णिमा म्हणाली, "आबा, राहू दे, मी करते की दुरुस्त." मी म्हटलं, दर वेळी तूच का मरायचं? तुझा किती वेळ जातो! ती कीबोर्ड पुसत बसली. दमली असावी. चेहरा लाल झालेला.

१५ एप्रिल, शनिवार

आठवडाभर धम्मपाल नाही. काल बाबासाहेबांची जयंती होती, उचगावात मिरवणूक, तो त्यात असणार. पूर्णिमाचं मात्र कशात लक्ष नाही. एका वाढदिवसाच्या स्लाईड शोमध्ये तिनं वर्षाच्या पोराच्या फोटोला आजोबांचं नाव लावलं. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की मान वर. डोळे तपासून आणायला पाहिजेत तिचे.

आक्काचा निरोप आला. ३० तारखेला रविवारी पावणे बघायला येणार. मी हो म्हणून टाकलं.

२१ एप्रिल, शुक्रवार

हे कसं लिहू कळत नाही. पण लिहितो.

सकाळी धम्मपाल पेन ड्राइव्ह ठेवून गेला, दोन नव्या स्लाईड घालायच्या होत्या, संध्याकाळी नेतो म्हणाला. दुपारी मी मागच्या पडद्यामागं बल्ब बदलत होतो. आमचा फोटोसाठी मागं टांगायचा तळं-हंसांचा जुना पडदा. पूर्णिमाला वाटलं मी मंडईला गेलोय. पडद्याला एक भोक आहे. त्यातनं बघितलं तर तिनं स्लाईड घातल्या, व्हिडिओ लावून बघितला. चालला. अगदी झकास चालला, तानूबाईंची मूठ, बादली, सगळं. मग तिनं व्हिडिओच्या फाईलवर जाऊन एफ-टू दाबलं. एफ-टू म्हणजे नाव बदलायचं, हे मला तिनंच शिकवलंय. नावापुढं एक अक्षर घातलं. पेन ड्राइव्ह काढला. टोपण लावलं. ओढणीनं पुसला.

मला वाटलं चूक झाली. पत्ता बदलला की म्हैस हलणार नाही, एवढं मला पण कळतं. ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिचा चेहरा दिसला. हसत होती. एकटीच. त्या पेन ड्राइव्हकडं बघून.

मी तोंड मिटलं आणि तसाच बल्ब हातात धरून बसून राहिलो.

व्हायरस म्हणे. तळहातावर असलेलं दिसलं नाही आणि मी कॉम्प्युटरवाल्याला बोलावत होतो. माझ्या लेकीला काहीतरी पाहिजे होतं, आणि ते मागायला तिला फाईलचं नाव बदलावं लागलं.

संध्याकाळी धम्मपाल पेन ड्राइव्ह घेऊन गेला. पूर्णिमा त्याला म्हणाली, "काही अडलं तर उद्या या." बिचारा म्हणाला, येतो.

२२ एप्रिल, शनिवार

सकाळी साडेदहाला फोन वाजला. पूर्णिमानं घेतला. धम्मपाल कळंब्याहून बोलत होता. तिथल्या हॉलमध्ये सगळ्या संस्थांचे चेअरमन, संघाचे मोठे साहेब, अचानक ह्यालाच उभं केलेलं. कायम करायचं की नाही ते आजच्यावर ठरणार, असं साहेब म्हणालेत. "आता सुरूच होतंय, मोबाइल बंद करतोय, सांगावंसं वाटलं म्हणून केला," एवढं बोलून त्यानं ठेवला. हिला बोलायला फुरसतच नाही. तिनं परत लावला. बंद.

पूर्णिमाचा चेहरा पिठासारखा झाला. "आबा, स्कूटर काढा. कळंब्याला जायचंय. आत्ता. काय विचारू नका."

मी विचारलं नाही. मला ठाऊकच होतं. जुनी स्कूटर मी आयुष्यात एवढी पळवली नाही. दोन वेळा शिव्या खाल्ल्या, एकदा म्हशीला चुकवलं, खऱ्या. मागं पोरगी 'आबा लवकर, आबा लवकर' म्हणतेय. "त्यांची नोकरी जाईल आबा, माझ्यामुळं जाईल," असंही एकदा म्हणाली. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही असं मी केलं.

हॉलच्या दारात पोचलो आणि थांबलो. आत अंधार. पडद्यावर तानूबाईंचे हात. मूठ बंद होते, उघडते. सूं सूं धार. म्हैस चालू होती!

धम्मपाल माइकवर सांगत होता. त्यानं काही कुणाला हाक मारली नव्हती. नाव बदललंय हे बघून, आपलं आपण सरळ करून, लावून मोकळा झालेला. म्हणजे त्याला येत होतं. आणि आज शिकला असेल असं पण नाही, भर सभेत कुणी शिकत नाही. त्याला कधीचंच येत होतं. तरी तो गाडी मारून उचगावहून शिवाजी पेठेत यायचा आणि म्हणायचा, म्हैस हलंना.

पूर्णिमाला हे माझ्याआधी कळलं. ती दाराची चौकट धरून उभी होती. त्यानं दाराकडं बघितलं. बोलता बोलता थांबला. एक जाडजूड चेअरमन म्हणाले, "पुढं बोला की सायेब, म्हस पान्हा चोरंल!" सगळे हसले. हे दोघं हसले नाहीत.

येताना स्कूटर मी सावकाश चालवली. माझा सदरा पाठीवर ओला लागत होता.

२४ एप्रिल, सोमवार

डोकं चालंना.

पोरगा चांगला आहे, निर्व्यसनी, आईचा लाडका. पण हे सगळं बोलायला सोपं. माझी भावकी पेठेत घराला घर लागून राहते. तालमीत सकाळी जातो तर लोक उठून जागा देतात. उद्या तेच लोक पाठ फिरवतील. तोंडावर कोण बोलणार नाही, मागं बोलतील, ते जास्त लागतं. आणि मी पण त्यांच्यासारखाच आहे, वेगळा नाही. त्या उंबऱ्यावर मी चहा नाकारला होता. उशीर झालाय म्हणून.

पूर्णिमा आज पुन्हा 'जेवा' आणि 'गोळी घेतली का' वर आलीय. धम्मपाल आला नाही. आता काय म्हणून येणार? दोघांचंही ढोंग उघडं पडलं, आणि खरं बोलायचं धाडस एकाकडंही नाही. मेली लाजरी जोडी.

२६ एप्रिल, बुधवार

आक्काला फोन केला. म्हटलं, रविवारी त्यांना येऊ नको म्हणून सांग.

"का? येड लागलंय व्हय तुला?"

म्हटलं, "पोरगी भाकऱ्या करायला न्हाई माझी."

"मग कशाला हाय?"

मी फोन ठेवला. मग दिवसभर उत्तरं सुचत राहिली, एकापेक्षा एक. उशिरा आलेली अक्कल.

२८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, पूर्णिमाला म्हटलं बँकेत जाऊन येतो आणि उचगावला गेलो. धम्मपाल कामावर असतो ती वेळ साधली. तानूबाई म्हशीला आंबोण घालत होत्या.

"या पावणं. आज क्यामेरा न्हाई?"

आत बसवलं. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली मोगरा. चहा आला. खरं तेच लिहितो, कप उचलताना हात थबकला. जन्माची खोड. बाईंनी बघितलं. म्हणाल्या, "लई गोड झालाय का?" आणि डोळ्यांत असं हसू की मला जमिनीत जावंसं वाटलं. प्यालो. दाट, म्हशीच्या दुधाचा, आलं घातलेला. दुसरा कप मी मागून घेतला.

मग बोललो. "माझी पूर्णिमा तुमच्या घरात द्यायची म्हणतोय."

बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "इधवा हाय म्हणून आमच्यात देताय व्हय? तुमच्यात कोण करंना म्हणून?"

"न्हाई. आमच्यातला एक रविवारी येत होता. त्याला नको म्हणून सांगितलं."

"मग आमीच का?"

"तुमच्या पोरासमोर ती हसते," मी म्हटलं.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "हितं बी येक जण हसत असतोय. भाकरी खाता खाता. येड्यावानी." मग एकदम खणखणीत आवाजात, "पण तुमची भावकी उद्या माझ्या दारात आली तर? माझा येकच ल्योक हाय."

"मी तुमच्या उंबऱ्यावर बसलेला असंन. आधी माझ्याशी गाठ."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं, बाजारात जनावराचे दात बघावेत तसं. "आणि पोरगीला इचारलंसा?"

मी रिकामा कप बशीत फिरवला.

"न इचारताच आलासा? आवो, तिचं पयलं लगीन तुमी ठरवलंसा. दुसरं तुमची भन ठरवत हुती. आता ह्ये बी तुमीच ठरवाय आलासा व्हय? जावा घरला. आदी तिला इचारा. तिनं तोंडानं हो म्हटलं तर दोघं मिळून या. न्हाई म्हटलं तर नुसतं चहाला या. चहा काय, कवाबी दीन."

बायकांच्या पुढं आपलं शहाणपण चालत नाही. उठलो.

दुकानात आलो तर पूर्णिमा कुणाच्या तरी निरोप समारंभाच्या स्लाईड लावत बसलेली. मी शेजारी स्टूल ओढलं.

"पूर्णे, ते बंद कर."

"सेव्ह करते."

"मरू दे सेव्ह. तुला काय पाहिजे?"

"मोठे बल्ब संपलेत. आणि फोटोचा कागद—"

"दुकानाला न्हवं गं. तुला. तुला काय पाहिजे?"

"मला काय कमी हाय?"

"ते मला ठाऊक हाय काय कमी हाय. तुझ्या तोंडानं ऐकायचंय. आक्काच्या पावण्यांना मी नको म्हणून सांगितलंय. आता तू माग."

पंखा फिरत होता. तिनं मान खाली घातली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं. "मी मागितलं तर पेठेत तुम्हाला मान खाली घालाय लागंल, आबा."

"मान माझी हाय. ती मी बघतो. माग तू."

"धम्मपाल पाहिजे," ती म्हणाली. इतकं हळू की मला वाटलं भास झाला. मग वर बघितलं, डोळे भरलेले, आणि लहानपणी जत्रेत खेळण्यासाठी हट्ट धरायची त्या आवाजात म्हणाली, "लई पाहिजे, आबा. लई."

मी तिला जवळ घेतलं. ती रडली, मी पण रडलो. दारात एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटो मागायला आलेलं, ते आमच्याकडं बघून तसंच परत गेलं. पोरगी इतक्या वर्षांनी काहीतरी मागत होती, आणि ते द्यायची माझी ऐपत होती. बापाला ह्यापेक्षा काय लागतं?

तिला म्हटलं, तोंड धू, पिवळी साडी नेस. तानूबाई वाट बघत असतील.

शटर मीच ओढलं आणि आम्ही दोघं स्कूटरवरनं उचगावला निघालो.